एक खोली, सहा आठवडे: नाशिक महानगरपालिकेस आणि शहरातील कलासंस्थांस खुले पत्र

मा. आयुक्त, नाशिक महानगरपालिका,
तसेच शहरातील नाट्यगृहे, वाचनालये आणि कलासंस्था चालवणाऱ्या विश्वस्त मंडळींस,

विषय: माणसांच्या स्वतःच्या आयुष्यातील गोष्टींवरून नवे नृत्य आणि नाट्य घडवू पाहणाऱ्या कलावंतांसाठी नाशिकमध्ये रेसिडेन्सी, म्हणजे राहून स्वतःचे काम शोधण्याची सोय, सुरू करण्याबाबत.

सविनय नमस्कार.

मी या शहरात गेली बावीस वर्षे हौशी रंगभूमीवर दिग्दर्शन करते आणि त्याहूनही अधिक काळ कथक शिकते आहे. हे पत्र अनुदानासाठी, पारितोषिकासाठी किंवा नाट्यगृहाच्या तारखेसाठी नाही. आम्हाला एक खोली हवी आहे, आणि त्या खोलीत सहा आठवडे कोणीही ‘प्रयोग कधी?’ असे विचारणार नाही एवढी हमी हवी आहे. ही मागणी का करावीशी वाटली हे सांगण्यासाठी मला आधी माझ्या हातून झालेली एक चूक सांगावी लागेल.

काही वर्षांपूर्वी दिंडोरी तालुक्यातील एका द्राक्षबागेत पेठ तालुक्याकडून आलेल्या मजुरांच्या टोळीतली एक बाई मला भेटली. ऑक्टोबर छाटणीनंतर विरळणी आणि डिपिंगच्या कामाला या टोळ्या येतात; एकरी उक्ते, म्हणजे एकरामागे ठोक मजुरी, ठरते, मुकादम माणसे गोळा करतो, आणि संजीवकाच्या, म्हणजे मणी फुगवणाऱ्या औषधाच्या, द्रावणाचा मग हातात धरून, हात मांडवाकडे उंचावून, एकेक घड त्यात बुडवत बायका दिवसभर ओळीने पुढे सरकत राहतात. अशाच एका दिवशी भर दुपारी तिला गावाकडून आई गेल्याचा फोन आला होता. मी ती हकीकत एका संध्याकाळी ऐकली, वहीत उतरवली आणि पाच आठवड्यांत तिची एकांकिका करून एका स्पर्धेत उतरवली. तिची भूमिका करणाऱ्या मुलीने बागेतच हंबरडा फोडला, विंगेत संबळ वाजला, मागचा पडदा लाल झाला. प्रेक्षक रडले आणि आम्हाला बक्षीस मिळाले. पुढच्या प्रयोगाला मी मोठ्या अभिमानाने त्या बाईला बोलावले. प्रयोग संपल्यावर ती बराच वेळ खुर्चीतच बसून राहिली आणि मग म्हणाली, “बाई, मी त्या दिवशी रडले नव्हते. मला सांजच्या पिकअपमध्ये जागा धरायची होती.”

अर्धा दिवस टाकून निघाले तर हजेरी जाते, टोळीचे उक्ते मागे पडते, म्हणून तिने दिवस भरला होता. आणि रात्रीपर्यंत गावी पोहोचायचे तर संध्याकाळची गाडी चुकवून चालणार नव्हते, म्हणून काम करता करता तिचे सगळे लक्ष त्या गाडीतल्या जागेकडे लागले होते. रडणे आमचे होते, आम्हाला आधीपासून पाठ असलेले. तिच्या दुःखाचा खरा आकार त्या जागेत होता आणि तो मी ऐकलाच नव्हता, कारण मला ऐकायला एकच संध्याकाळ होती आणि प्रवेशिकेची मुदत डोक्यावर होती. माझ्या घाईचा दोष मी मुदतीवर ढकलत नाही. परंतु बावीस वर्षांत मी पाहिलेल्या बहुतेक एकांकिका याच घाईत जन्मल्या आहेत, आणि म्हणून ही गोष्ट माझ्यापुरती राहत नाही.

त्यानंतर मला दुसऱ्या राज्यात चार आठवड्यांच्या एका रेसिडेन्सीत राहण्याची संधी मिळाली. हा शब्द आपल्याकडे शिबिर किंवा कार्यशाळा या अर्थाने घेतला जातो, म्हणून फरक सांगते. शिबिरात कोणीतरी शिकवतो आणि बाकीचे शिकतात. रेसिडेन्सीत कलावंत राहायला येतो, त्याला निजायला जागा, दोन वेळचे जेवण, तालमीची खोली आणि थोडे मानधन मिळते, आणि त्याने स्वतःचे काम शोधावे एवढीच त्याच्याकडून अपेक्षा असते. सोबत एखादा अनुभवी दिग्दर्शक किंवा नृत्यरचनाकार असतो, तो सांगण्यापेक्षा विचारतो अधिक. शेवटी एक सादरीकरण होते, पण ते अपुऱ्या कामाचे, निवडक लोकांपुढे, आणि त्यानंतर चर्चा होते. तिथे निकाल लागत नाही.

तिथे आमच्याबरोबर मालेगावचा एक तरुण होता. त्याचे वडील यंत्रमागावर काम करत आलेले. त्याला वडिलांवर एक नृत्यनाट्य करायचे होते आणि त्याची सुरुवात रागापासून होती: घरात सतत ओरडणारा बाप, मागांचा खटखटाट, पायांतून काढलेला तोच ठेका. पहिल्या आठवड्यात त्याने हे सगळे करून दाखवले आणि ते प्रभावी होते. आपल्याकडे ते तिथेच ‘बसवून’ टाकले गेले असते. पण हातात अजून तीन आठवडे होते, म्हणून त्याला विचारले गेले की कारखान्यात एवढ्या आवाजात माणसे एकमेकांशी बोलतात कशी. तो हातांच्या खुणा करून दाखवू लागला, तोंडाच्या हालचालींवरून बोलणे कसे ओळखतात ते दाखवू लागला. सोळाव्या दिवशी सकाळी, तालीम सुरू होण्याआधी, तो एकटाच खोलीत बसला होता. आयुष्यभर मागांशेजारी उभे राहून वडिलांचे कान गेले आहेत, त्यांना स्वतःचाच आवाज ऐकू येत नाही म्हणून ते मोठ्याने बोलतात, आणि आपण लहानपणापासून त्याला राग समजत आलो, हे त्याला त्या दिवशी उमगले होते. त्याचे काम तिथून नव्याने सुरू झाले. सोळावा दिवस यायला आधीचे पंधरा दिवस लागतात, आणि ते मिळवून देणे हे संस्थेचे काम आहे.

माझ्या स्वतःच्या कामाचेही तेच झाले. मी कथक शिकलेली. वर उचललेला हात आमच्या शरीराला शोभेसाठी ठाऊक. तिथल्या खोलीत मी रिकामा मग हातात घेऊन रोज दोन तास तो वर नेत राहिले. तिसऱ्या दिवशी खांदा धरला आणि डावा हात आपोआप उजव्या कोपराला आधार द्यायला गेला. मला वाटले, सापडले. या हालचालीतच त्या द्राक्षबागेतल्या बाईची कथा आहे. रात्री मी तिला फोन करून विचारले, तेव्हा ती हसली आणि म्हणाली, “डावा हात मोकळा असतो होय? त्यानं पानं बाजूला धरायची असतात.” माझा दुसरा अंदाजही चुकला होता. पण या वेळी तो प्रेक्षकांपुढे जाण्याआधी चुकला, आणि तो दुरुस्त करायला तीच होती.

स्वतःच्या आठवणींतून शरीराचे काम उभे करण्याची ही रीत जगात नवी नाही. जर्मनीतील वुपर्टाल येथे १९७३ पासून नृत्यसमूह चालवणाऱ्या पिना बाउश आपल्या नर्तकांना प्रश्न विचारत असत, आणि नर्तक त्यांची उत्तरे एखाद्या हालचालीतून, वाक्यातून किंवा छोट्या प्रसंगातून देत असत. अशा असंख्य उत्तरांपैकी फार थोडी शेवटच्या रचनेत राहत. पुढे त्या आपल्या समूहाला घेऊन वेगवेगळ्या शहरांत आणि देशांत काही काळ राहत आणि त्या वास्तव्यातून रचना घडवत. भारतातल्या वास्तव्यातूनही २००७ मध्ये त्यांची एक रचना उभी राहिली. आपल्या देशात पुदुच्चेरीजवळची आदिशक्ती ही नाट्यसंस्था, कर्नाटकातल्या हेग्गोडू या खेड्यात १९४९ पासून उभी असलेली नीनासम ही नाट्यसंस्था, दिल्लीत नृत्यासाठी उन्हाळी रेसिडेन्सी चालवलेली गती ही संस्था, अहमदाबादच्या छारानगरात १९९८ पासून आपल्याच समाजाच्या अनुभवांतून नाटके करणारे बुधन थिएटर, ही सगळी उदाहरणे समोर आहेत. मराठीत पाहायचे तर पुण्याच्या थिएटर अकॅडमीने १९८५ नंतरच्या दशकात नव्या नाटककारांसाठी योजना आखून राबवली होती, आणि सुषमा देशपांडे यांनी तमाशातल्या स्त्रियांचे अनुभव ऐकून ते एकपात्री प्रयोगातून मांडले होते. हेग्गोडू हे खेडे आहे, हे मी मुद्दाम पुन्हा लिहिते. आपल्या शहराला हे जमणार नाही असे म्हणण्याला आधार नाही.

नाशिकने मराठी रंगभूमीला संहिता दिल्या. कुसुमाग्रज इथे राहिले आणि लिहिले, वसंत कानेटकर इथे राहिले आणि लिहिले. १८४० मध्ये सुरू झालेले सार्वजनिक वाचनालय आणि त्याचे साईखेडकर नाट्यगृह आजही शहराच्या मध्यभागी आहे. त्या वारशाबद्दल मला पूर्ण आदर आहे. परंतु या वारशामुळेच आपली सगळी व्यवस्था ‘आधी संहिता, मग तालीम, मग प्रयोग’ या क्रमावर उभी राहिली आहे. साठी ओलांडलेल्या राज्य नाट्य स्पर्धेत नाशिक केंद्रावर दर वर्षी उत्साहाने नाटके होतात, आणि माझ्या पिढीचे रंगकर्मी त्या स्पर्धेनेच घडवले; तिचे ऋण मी मान्य करते. पण तिथे संहिता आधी लिहून परिनिरीक्षण मंडळाकडून प्रमाणित करून घ्यावी लागते. ज्या कामाची संहिता शेवटच्या आठवड्यात तयार होते, किंवा ज्याची संहिता शब्दांत मावतच नाही, त्याने त्या दारातून आत कसे यावे? नृत्याची अवस्था तर याहून बिकट आहे. कथक, भरतनाट्यमच्या परीक्षा आणि वार्षिक संमेलने यांच्यापलीकडे, शिकून तयार झालेल्या नर्तिकेला स्वतःचे काही घडवण्यासाठी या शहरात जागा नाही. माझ्या ओळखीच्या कितीतरी उत्तम मुलींनी विशारदनंतर घुंगरू गुंडाळून ठेवले ते मन उडाले म्हणून नव्हे. पुढे काय करायचे याला उत्तर नव्हते म्हणून.

आणि गोष्टी तर या जिल्ह्यात पावलोपावली आहेत. १९३० मध्ये काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि तो पाच वर्षे चालला. १९३५ मध्ये येवल्याला बाबासाहेबांनी धर्मांतराची ती घोषणा केली. आंबेडकरी जलशांची परंपरा या मातीत रुजली, सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीच्या वामनदादा कर्डकांनी ती आपल्या गाण्यांतून गावोगाव नेली. सत्याग्रहात उभी राहिलेली पिढी आता नाही. पण त्यांनी संध्याकाळी घरी येऊन काय सांगितले, काय सांगायचे टाळले, त्या दिवसांत चूल कोणी पेटवली, हे ज्यांनी लहानपणी आजीच्या मांडीवर ऐकले ती माणसेही आता सत्तरी-ऐंशीत आहेत. इतिहासाच्या पुस्तकात सत्याग्रहाची तारीख टिकेल. चुलीची गोष्ट कोणी ऐकली नाही तर ती त्यांच्याबरोबरच जाईल.

२०२७ मध्ये सिंहस्थ आहे. गोदाघाट, रस्ते, पूल यांची कामे होतील, जगभरातून माणसे येतील, त्यांचे छायाचित्रण होईल. त्या गर्दीच्या आधी आणि नंतर घाटावर राहणारी, पहाटे घाट झाडणारी, फुलांचे द्रोण विकणारी, हरवलेल्या म्हाताऱ्यांना हाताला धरून पोलीस चौकीपर्यंत नेणारी माणसे याच शहराची आहेत. सिंहस्थाच्या सांस्कृतिक कार्यक्रमांत त्यांच्यावर एखादे नृत्यनाट्य व्हावे असे आपल्याला वाटले, तर ते दोन महिने आधी ठेकेदारामार्फत बसवून घेता येणार नाही. त्याची सुरुवात आताच व्हायला हवी.

आता ज्या मुद्द्यासाठी मी हे पत्र लिहायला घेतले त्याकडे येते. दुसऱ्याची गोष्ट घेणे हे कोणाच्या शेतातून वाट काढण्यासारखे आहे. विचारल्याशिवाय जाऊ नये, आणि एकदा परवानगी मिळाली म्हणून तिथून गाडी नेऊ नये. रेसिडेन्सी सुरू करताना संमतीचा विचार जागेच्या आणि पैशाच्या विचाराआधी झाला पाहिजे. माझ्या मते संमती दोनदा घ्यावी: एकदा गोष्ट ऐकण्याआधी आणि दुसऱ्यांदा काम तयार झाल्यावर, ते पाहून झाल्यानंतर. पहिल्या वेळी माणसाला आपण कशाला होकार देतो आहोत हे कळलेलेच नसते. मधल्या काळात गोष्ट परत घेण्याचा पूर्ण हक्क त्याला असावा, त्याने कारण सांगण्याची गरज नसावी, आणि तसे झाले तर कलावंताचे मानधन कापले जाऊ नये. नाहीतर कलावंत त्याला गळ घालत राहील. काम तयार झाले की पहिला प्रयोग ज्याची गोष्ट आहे त्याच्यासाठी, त्याच्या घरच्यांसाठी, त्याला सोयीच्या ठिकाणी व्हावा. ज्या दिवशी ती बाई आपल्याशी बोलायला बसेल त्या दिवसाची हजेरी तिला मिळावी. ही भीक नाही, तो तिचा कामाचा दिवस आहे.

स्वतःची गोष्ट सांगणाऱ्या कलावंतालाही हा विचार लागू होतो. आपली गोष्ट एकट्या आपली कधीच नसते. मालेगावच्या त्या तरुणाच्या नृत्यात त्याचे वडील होते, आई होती, आणि त्याच्या मोठ्या भावाने वडिलांचे कान गेल्याचे चारचौघांत दाखवायला पहिल्यांदा स्पष्ट नकार दिला होता. त्या नकाराने त्याचे दहा दिवस गेले. त्यातून जे उरले ते आधीपेक्षा कमी होते आणि अधिक खरे होते. शिवाय मागचे घाव उकरताना माणूस खचतोही. म्हणून सोबत एक समुपदेशक असणे ही चैन नव्हे. रंगमंचावर आपबीती सांगितली म्हणजे नाटक झाले, असा एक समज हल्ली वाढतो आहे. जखमेवर पुरेशी खपली धरेपर्यंत ती दाखवू नये आणि दाखवायला लावू तर मुळीच नये, हे मी माझ्या विद्यार्थ्यांनाही सांगत असते.

हा विचार मी बाहेरून आणलेला नाही. पेठ-सुरगाण्याकडच्या पाड्यांवर बोहाडा होतो, मुखवटे चढवून सोंगे नाचतात, आणि अनेक गावांत कोणते सोंग कोणत्या घराने आणायचे हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले असते. ज्याला नाचता येते त्याने उठून कोणाचेही सोंग घ्यावे असे तिथे चालत नाही. त्या घराचा मान राखावा लागतो. ज्या लोकांकडे ही रीत इतकी जपली गेली आहे, त्यांच्याच बायकांची गोष्ट मी एका संध्याकाळी उचलून आणली होती.

प्रत्यक्ष व्यवस्थेबद्दल थोडेच लिहिते, कारण ते अवघड नाही. महापालिकेच्या किंवा आपल्यापैकी एखाद्या संस्थेच्या वास्तूतील एक मोठी, हवेशीर खोली वर्षातून दोनदा सहा-सहा आठवडे पूर्णपणे मोकळी मिळावी. तिला लाकडी जमीन करावी, तीही फरशीवर नुसती फळी ठोकून नव्हे, खाली थोडा लवचीक आधार देऊन. सिमेंटच्या फरशीवर वर्षानुवर्षे नाचून गुडघे आणि नडग्या गमावलेल्या नर्तिका मी पाहिल्या आहेत. एका वेळी सहा कलावंत पुरेत, त्यांपैकी निम्मे तरी नाशिक शहराबाहेरचे, तालुक्यांतले असावेत आणि त्यांच्या राहण्या-जेवणाची सोय व्हावी. लहान मूल असलेल्या कलावंत स्त्रीला मुलासह येता यावे. ही सोय नसेल तर तीस ते चाळीस वयाच्या बायका यादीतून आपोआप गळतात आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. निवड करताना तयार संहिता मागू नये. कोणत्या माणसाच्या, कोणत्या प्रसंगाच्या मागे जायचे आहे आणि त्या माणसाशी आपले नाते काय, एवढे एका पानावर लिहून घ्यावे आणि मग समोरासमोर बोलावे.

सार्वजनिक पैशातून अपुरे काम का पोसायचे, हा प्रश्न आपल्यापैकी कोणाच्या तरी मनात येईल आणि तो रास्त आहे. सहांपैकी दोन कामे पुढे कधीच रंगमंचावर येणार नाहीत, हे मी आजच सांगून ठेवते. एखादे फसेल, एखाद्याची गोष्ट मागे घेतली जाईल. द्राक्षबागायतदार विरळणीत मणी काढून टाकतो तेव्हा ते नुकसान आहे असे तो समजत नाही. त्याशिवाय उरलेले मणी फुगत नाहीत, हे त्याला ठाऊक असते. आज आपण जो खर्च तयार कार्यक्रमांवर करतो, त्यात ही काढून टाकण्याची जागाच नसते, आणि म्हणून दर वर्षी तेच ते पुन्हा रंगमंचावर येते.

या पत्रात ज्या बाईचा उल्लेख आहे तिला मी गेल्या महिन्यात जाऊन भेटले आणि तिच्याबद्दलचा सगळा मजकूर वाचून दाखवला. तिने एक वाक्य काढायला सांगितले, ते मी काढले आहे. पिकअपचे वाक्य ठेवू का, असे विचारल्यावर तिने ठेवायला सांगितले. मालेगावच्या मित्रानेही त्याच्याविषयीचा मजकूर घरच्यांना दाखवून होकार कळवला आहे. त्या बाईला अजून एक गोष्ट सांगायची आहे, पण ती बागेत कामावर असताना सांगायची नाही, असेही ती म्हणाली.

ऑक्टोबरच्या छाटणीला टोळ्या पुन्हा दिंडोरी-निफाडकडे उतरतील. त्याआधी पहिल्या सहा आठवड्यांची जागा ठरली, तर सुरुवात तिच्यापासून करता येईल. संमतीपत्राचा मसुदा, जागेची आवश्यक मापे आणि खर्चाचा अंदाज मी आणि माझ्या चार सहकाऱ्यांनी मिळून तयार केला आहे. आपण सांगाल त्या दिवशी तो घेऊन आम्ही आपल्या कार्यालयात येऊ.

आपली नम्र,
नाशिकमधील एक नाट्यदिग्दर्शिका